वन्संचा खांब

आमच्या वन्संना कुणी सहज म्हटलं, "आज ऊन जरा जास्तच आहे," तर त्या विचारतात, "कशापेक्षा?" त्यात खवचटपणा नसतो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, कालच्यापेक्षा, की तुम्ही आत्ता सावलीतून आलात म्हणून. समोरचा गोंधळतो आणि विषय बदलतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, ही नणंद मला सळो की पळो करून सोडणार. मी म्हणायची भाजी शिजली, आणि त्या येऊन झाकण उघडून बघायच्या. सुरुवातीला मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घ्यायची. मग कधीतरी लक्षात आलं की स्वतः केलेल्या भाजीचं झाकणही त्या तसंच पुन्हा पुन्हा उघडून बघतात. तेव्हापासून आमचं जमलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आमच्यातच राहतात. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यात मोजणीचं काम करतात. लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, तसं बरं होतं. मुलानं आपली उंची सांगितली. तो दारातून आत आला तेव्हाच वन्संनी त्याला चौकटीशी ताडून पाहिलं होतं. सगळे चहा पीत बसलेले असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन बोटं कमी आहात." मुलाची आई म्हणाली, "अगं, दोन बोटांनी काय होतंय?" तर वन्सं म्हणाल्या, "पूल असता तर पडला असता." स्थळ गेलं. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी कितीतरी दिवस लेकीशी अबोला धरला होता. वन्संना त्याचं काही नव्हतं. माणूस खोटं बोलतो याचं त्यांना कधी दुःख झालेलं मी पाहिलं नाही. त्यांनी ते गृहीतच धरलेलं असतं.

त्यांच्या कामातही तेच धरून चालावं लागतं असं त्या म्हणतात. डोंगराला दोन्हीकडून बोगदा खणायला घेतात, आणि आत मधोमध दोन टोळ्यांनी एकमेकांना बरोबर भेटायचं असतं. ते अंदाजावर होत नाही. तिपाईवर यंत्र ठेवायचं, त्यातून प्रकाशाचा किरण सोडायचा, समोरच्या काचेच्या लोलकावर आपटून तो परत आला की अंतर कळतं. कोन यंत्रच सांगतं. जुन्या पुलाचं काम होतं तेव्हा तर एक गरगर फिरणारं यंत्र आणलं होतं, त्यानं सगळ्या पुलाचा ठिपक्याठिपक्यांचा सांगाडा करून पडद्यावर उभा केला होता. वन्संनी मला दाखवला. मी म्हटलं, अगदी हुबेहूब आहे. त्या म्हणाल्या, "हुबेहूब दिसतंय, वहिनी. आहे की नाही ते अजून बघायचंय."

एका जागेवरून पाहिलेलं खरं मानायचं नाही, दुसऱ्या जागेवरून बघायचं, हा त्यांचा नेम. माझा नेम सकाळी देवासमोर थोडं बसायचा. मी एकदा म्हटलं, "वन्सं, देवाला तुम्ही कुठल्या दोन जागांवरून बघणार?" तर म्हणाल्या, "म्हणून तर तिकडं तू बघ, मी भिंत बघते."

ही भिंत म्हणजे आमच्या घरांच्या मागची. आमची घरं उताराच्या पायथ्याशी एका ओळीत आहेत, एकाला एक लागून. मागं उतार चढत जातो, वर मोठा रस्ता. रस्ता खाली येऊ नये म्हणून खात्यानं उताराला काँक्रीटची उंच भिंत घातली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीच दिसते, आभाळ वाकून बघावं लागतं. भिंत बांधून झाली तेव्हा तिच्या अंगावर ठिकठिकाणी मुठीएवढे काचेचे लोलक बसवले आणि भिंत जागची हलते का, हे बघायचं काम वन्संकडं आलं. घराच्या मागंच, म्हणून साहेबांनी मुद्दाम त्यांना दिलं.

बघायचं म्हणजे कुठंतरी न हलणाऱ्या जागी उभं राहून बघायचं. ती जागा वन्संनी स्वतः शोधली. ओळीच्या टोकाला, भिंतीच्या बाजूला उतारातून एक काळा खडक डोकं काढून आहे. बैल बसावा एवढा. वन्संनी त्यावर उड्या मारल्या, घण मारून आवाज ऐकला, आणि त्यावर कमरेएवढा काँक्रीटचा खांब ओतून घेतला. खांबाच्या डोक्यावर पितळी चकती, त्यावर यंत्र बसतं. त्या दिवशी मदतनीस आला नव्हता म्हणून यंत्रावर छत्री मी धरली होती. ऊन लागलं की यंत्र सुद्धा चुकतं, असं त्या म्हणाल्या. खांब हलला तर कळावं म्हणून त्यांनी आजूबाजूच्या दगडांवर आणखी खुणा केल्या. दर वेळी आधी खुणा तपासायच्या, मग भिंत.

वर्षानुवर्षं भिंत जागच्या जागी होती.

आमच्या ओळीची झोप या एका वाक्यावर होती. टोकाच्या घरात शिंपीकाका राहतात, पुढच्या खोलीत मशीन, मागं ते आणि काकू. वन्सं यंत्राची पेटी घेऊन उतरल्या की ते मशीनचा पाय थांबवून विचारायचे, "कशी आहे?" जशी काही घरात आजारी सून आहे. वन्सं म्हणायच्या, "आहे तिथं आहे." काका पुन्हा पाय मारायला लागायचे. पावसात वरून माती आली, बाया घाबरल्या, सामान बांधायला लागल्या, तर काका दारातून ओरडून सांगायचे, "ती काय म्हणाली ते विचारा आधी. ती बाई स्वतःच्या भावाला सुद्धा खरं मानत नाही, ती भिंतीला मानते. आत व्हा."

मग वरचा रस्ता रुंद करायचं निघालं आणि ड्रोनवाला आला.

खात्यानं बाहेरून नेमलेला माणूस. दाढी राखलेला, हसतमुख, बायकांनाही अहो-जाहो करणारा. चौकोनी पेटीतून कोळ्यासारखं एक यंत्र काढायचा, ते गुणगुणत वर जायचं आणि आमच्या अंगणांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून फिरून यायचं. ओळीतल्या बायकांनी पहिल्या दिवशीच पडदे ओढून घेतले. पण पडद्यापेक्षा फुल्यांचं जास्त झालं. त्यानं ठिकठिकाणी जमिनीवर काळ्या-पांढऱ्या फुल्यांचे कापडी चौकोन अंथरले आणि कोपऱ्यांना खिळे ठोकले. एक शिंपीकाकांच्या पायरीसमोर आला.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"काका, वरून दिसायला खूण आहे. या फुलीची जागा मी आधी मोजून ठेवलीय. फोटोत फुली दिसली की बाकी सगळं तिच्यावरून जुळवायचं."

"माझ्याच दारात का?"

"कुणाच्या तरी दारात येणारच ना."

तो गेल्यावर काका माझ्याकडं आले. "सूनबाई, फुली कशावर मारतात? झाड तोडायचं असलं की झाडावर मारतात. घर पाडायचं असलं की भिंतीवर मारतात. मला माझ्या वयात कुणी शिकवू नये फुली म्हणजे काय ते."

मी म्हटलं, वन्संना विचारा. वन्सं म्हणाल्या, फोटोची खूण आहे हे खरं आहे. पण पुढं म्हणाल्या, "खूण खरी आहे. माणसाचं मला माहीत नाही. इतका गोड माणूस मोजणीत टिकत नाही."

आमचे हे बस चालवतात. त्यांना सगळं बसच्या भाषेत कळतं. हे म्हणाले, "तुला तो गोड वाटतो म्हणून राग आहे, की तुझ्या रूटवर दुसरा आला म्हणून?" वन्सं उठल्या. खिडकी लावायला गेल्या, लागलेलीच होती.

काही दिवसांनी ड्रोनच्या फोटोंवरून नकाशा झाला आणि खात्यातून निरोप आला. भिंत पुढं सरकली आहे. सगळी सारखी नाही, मधे चार बोटं, आणि शिंपीकाकांच्या टोकाला तर वीतभर. वर खणायला सुरुवात करायच्या आधी ओळ रिकामी करा, दुसरीकडं खोल्या देतो.

ओळीत सगळे एकदम बोलायला लागले. रस्ता रुंद करायचाय, जागा हवीय, सरळ मागता येत नाही म्हणून भिंतीचं निमित्त. हे सगळ्यांनाच एका क्षणात उमगलं, आणि खरं सांगते, मलाही. इतकी वर्षं न हललेली भिंत नेमकी रस्ता रुंद करायच्या वेळेलाच कशी हलली? मी देवासमोर बसले तरी डोक्यात तेच. माझी ही खिडकी, हा ओटा, सासूबाईंचा हात फिरलेली फडताळं. कुणीतरी आकाशातून बघून सांगायचं की निघा.

वन्संनी दुसऱ्या दिवशी खांबावर यंत्र लावलं. सगळी ओळ खाली उभी. त्यांनी खुणा तपासल्या, भिंतीवरचा एकेक लोलक पाहिला, मग सगळं पुन्हा पाहिलं. खाली आल्या. "जागच्या जागी आहे."

शिंपीकाका म्हणाले, "झालं. आता जा म्हणावं त्या पाखरूवाल्याला."

वन्सं तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वीतभर कसं आलं, हे त्यांना कळायला हवं होतं. त्या काकांच्या पायरीपाशी गेल्या, फुली अंथरली होती तिथं उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ जमिनीकडं बघत राहिल्या. मग बोटानं माती खरवडली. "काका, इथं खिळ्याची चार भोकं आहेत. रिकामी."

काका म्हणाले, "मग?"

"मग फुली आता पलीकडं, नळाजवळ कशी?"

काकांनी गळ्यातली मापाची टेप सारखी केली. काकू आतून म्हणाल्या, "सांगा की आता. रात्रभर सांगत होतात मला, घर वाचवलं म्हणून."

"सरकवली," काका म्हणाले. "पाडायचं घर चुकावं म्हणून. नळ पाडा म्हटलं."

ओळ हसून हसून बेजार झाली. वन्सं नाही हसल्या, पण त्यांचा चेहरा मी ओळखते, तो उजळला होता. काकांनी फुली सरकवली म्हणून त्याचे फोटो वाकडे जुळले आणि भिंत वीतभर पुढं आली. म्हणजे यंत्र फसलं. म्हणजे खांब खरा. त्यांनी हे खात्यात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. ड्रोनवाल्यानं मान डोलावली, म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे, मी उडवायच्या आधी फुल्या पुन्हा तपासायला हव्या होत्या," आणि सगळं काम पुन्हा केलं.

काकांच्या टोकाचं वीतभर गेलं. चार बोटं मात्र तशीच राहिली.

"बघ," वन्सं मला म्हणाल्या, "पहिल्यांदा चूक दाखवली तेव्हा गोड बोलला. आता तोच आकडा. असं कधी होतं का? त्यानं आधीच ठरवलंय काय यायला हवं ते."

"कशासाठी ठरवेल?"

"त्याला पुढचं काम हवं असेल. साहेबांना रस्ता हवा असेल. कारण मला काय माहीत? कुणाचा तरी हात आहे यात."

त्या जेवायला बसल्या तरी ताटाकडं लक्ष नव्हतं. ह्यांनी विचारलं, "आणि समजा त्याचं खरं असलं तर?" वन्संनी भावाकडं असं बघितलं की ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पीत बसले.

त्यांनी मग ड्रोनवाल्याला पेचात पकडायचं ठरवलं. त्याच्याकडं सॅटेलाइटवरून जागा सांगणारं एक यंत्र होतं, ताटाएवढं. आकाशातल्या कितीतरी सॅटेलाइटांकडून त्याला इशारे येतात आणि बराच वेळ एका जागी ठेवलं की ती जागा नखाएवढ्या फरकानं सांगतं. फुल्यांच्या जागा त्यानं त्यावरच मोजल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, "ते माझ्या खांबावर ठेव. खांबाची जागा बांधला तेव्हापासून नोंदलेली आहे. तुझं ताट काय म्हणतं बघू."

मला म्हणाल्या, "खांब हलत नाही. ताटानं वेगळं काही सांगितलं की ताट खोटं. साहेबांसमोर सांगेन."

ताट दिवसभर खांबावर राहिलं. मी डब्यातून चहा नेऊन दिला तर दोघं दोन दगडांवर पाठमोरे बसलेले. संध्याकाळी त्यानं लॅपटॉप उघडला. वन्संनी बघितलं आणि म्हणाल्या, "झालं. सापडलास."

पडद्यावर खांब चार बोटं सरकलेला होता. खाली, घरांकडं.

ड्रोनवाला वाद घालायला तयारच नव्हता. "मॅडम, तुम्ही सांगा आणखी कुठं ठेवू. तुम्हाला पक्की माहीत असलेली जागा सांगा."

नदीच्या पलीकडं, समोरच्या डोंगराच्या कड्यावर जुन्या बोगद्याच्या वेळची एक खूण होती. वन्संच्याच तरुणपणातली. ताट तिकडं नेलं. जुळलं. पुलाच्या दगडी खांबावर एक होती. जुळलं. पाण्याच्या टाकीखाली होती. तीही जुळली. प्रत्येक ठिकाणी वन्सं त्याच्या हातातून केबल काढून पुन्हा स्वतः लावायच्या, तिपाईचा ओळंबा स्वतः बघायच्या. तो बाजूला उभा राहायचा, हात पाठीमागं. शेवटी न जुळणारा एकटा आमचाच खांब उरला.

त्या दिवशी घरी आल्या त्या झाकण न उघडता जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याच्या कामावरचा एक माणूस पहार घेऊन बोलावला आणि खडकाच्या खालच्या अंगाला खणायला लावलं. मी सोबत गेले, त्यांनी बोलावलं नव्हतं तरी. तो खणत गेला. खडक खाली जात होता, काळा, घट्ट. वन्सं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ, किती खोल आहे." आवाजात जीव आला होता. मग पहारेला एकदम मऊ लागलं. माणूस म्हणाला, "बाई, इथं संपला."

"काय संपला?"

"दगड."

वन्सं खड्ड्यात उतरल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी खडकाच्या खाली हात घातला. कोपरापर्यंत गेला. बाहेर काढला तर मुठीत ओली माती आणि गवताचं मूळ. परत घातला. मी वरून बघत होते. त्यांना वाटलं असेल, पुढं तरी लागेल. नाही लागला.

तो खडक नव्हताच. कधीकाळी डोंगरावरून घरंगळत येऊन मातीत रुतलेला धोंडा होता. उतार हळूहळू खाली येत होता, आणि भिंत, धोंडा, धोंड्यावरचा खांब, बाजूच्या दगडांवरच्या खुणा, सगळं एकदमच खाली येत होतं. एका होडीत बसलेल्या दोन माणसांनी एकमेकांकडं बघत राहावं आणि म्हणावं, आपण कुठं हललोय, तसं झालं होतं. वन्सं इतकी वर्षं सगळ्यांना दुसऱ्या जागेवरून बघायला लावत होत्या. त्यांच्या सगळ्या दुसऱ्या जागा त्याच होडीत होत्या.

त्या खड्ड्यातून वर आल्या. पदराला हात पुसले. म्हणाल्या, "मी उड्या मारून बघितल्या होत्या, वहिनी."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी होते."

ओळीला सांगायचं काम साहेब नोटीस लावून करणार होते. वन्सं म्हणाल्या, मी सांगते. नळाजवळ सगळे जमले. वन्संना भाषण जमत नाही. त्यांनी नुसतं सांगितलं की भिंत हलते आहे, माझा खांबही तिच्याबरोबर हलत होता म्हणून मला दिसलं नाही, आता वर खणलं तर सगळं खाली येऊ शकतं, निघायला हवं.

मग शिंपीकाका म्हणाले, "परवापर्यंत जागच्या जागी होती."

"मला तसं दिसत होतं."

"मग परवा आणि आजच्या मधे कोण भेटलं तुला?"

"काका, कुणी नाही भेटलं."

"त्या पाखरूवाल्याबरोबर दिवसभर डोंगर हिंडत होतीस. ओळीनं पाहिलं. पहिल्यांदा म्हणालीस त्याचं खोटं. आता त्याचं खरं. बाई, आम्ही कापड कापतो. एकदा कापलं की दुसऱ्या मापात बसवता येत नाही. तुझं माप कुठलं धरायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नवीन खोल्यांत चांगली मोठी मिळाली असेल." हसलं नाही कुणी. ते हसण्यासारखं म्हटलंच नव्हतं.

मला फार राग आला. मी म्हणणार होते की या बाईनं स्वतःचं स्थळ दोन बोटांसाठी घालवलं, ती विकली जाईल का? पण वन्संनी माझा दंड धरला. काकांना म्हणाल्या, "तुमचा संशय बरोबर आहे. मी असते तर मीही हेच विचारलं असतं. माझ्या शब्दावर जाऊ नका. खड्डा उघडा ठेवलाय. चला, हात घालून बघा."

काका म्हणाले, "मला काय दगडातलं कळतं?"

"माती कळते ना?"

कुणी हललं नाही. काका तर मुद्दाम घरात गेले आणि मशीन सुरू केली.

घरी हे बसले होते, बूट न काढता. म्हणाले, "खरं सांग. तुला दाब आला का? आला असेल तर मी तुझ्या साहेबाला भेटतो. पण मला खरं सांग."

"दादा, तूसुद्धा."

"मी बस चालवतो. आरशात जे दिसतं त्यावर चालवतो. आरसा वाकडा होता असं आता सांगतेस."

"होता."

हे खूप वेळ भिंतीकडं बघत बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते ती. तिच्यावर कुठं रेघ नाही, चीर नाही. मीही बघत होते. संशय म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. वन्संवर नव्हता माझा, देवाशप्पथ नव्हता. पण त्या निवांत उभ्या भिंतीकडं बघताना मला वाटत होतं, कदाचित आत्ताच त्या चुकत असतील. आधी बरोबर असतील. एकदा चुकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कुठून मोजायचं?

मग मी देवाची तसबीर खुंटीवरून काढली आणि पुसून पिशवीत ठेवली. मला कुठली मोठी खात्री झाली होती असं नाही. कुणीतरी पहिली वस्तू उचलायला हवी होती आणि ही माझीच होती, हिच्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. वन्सं बघत होत्या. ह्यांनी बूट काढले, परत घातले आणि फडताळ रिकामं करायला घेतलं.

आमचं सामान दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर पडलं. ओळ दारातून बघत होती. मला माहीत होतं काय बघताहेत. पलंग नेतात की नाही. पलंग ठेवला म्हणजे परत येणार. ह्यांनी आणि त्यांच्या मित्रानं पलंग सोडवून टेम्पोत टाकला. मग मी ओट्याखालची जाळी काढून घेतली, दाराच्या कड्या काढल्या, खिडकीचा पडद्याचा दांडासुद्धा. वन्सं म्हणाल्या, "दांडा कशाला?" मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "तिथं लागेल."

शिंपीकाका बाहेर आले. टेम्पोभोवती एक फेरी मारली, आत डोकावून बघितलं. मग ओळीच्या टोकाकडं चालायला लागले. थोड्या वेळानं आम्ही बघितलं तर खड्ड्याच्या काठाशी उभे होते. मग दिसेनासे झाले, आत उतरले असणार. काकू ओरडल्या, "अहो, गुडघे." परत आले तेव्हा एक बाही कोपरापर्यंत मातीनं माखलेली होती. वन्संच्या समोर उभे राहून त्यांनी ती दाखवली, जणू वन्संनीच मळवली होती.

"खाली काहीच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"इतकी वर्षं तू त्यावर उभी राहून आम्हाला सांगत होतीस."

"हो."

काकांनी बाही झटकली. "तुझ्यावर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "मातीवर आहे." आणि ह्यांच्याकडं वळून, "टेम्पो परत येईल तेव्हा मशीनला जागा ठेवा. उभी न्यायची. आडवी केली तर मी बोलणार नाही कुणाशी."

मशीन निघाली तशी बाकीची घरंही हलली. कुणी आज, कुणी दोन दिवसांनी. एका घरानं नोटीस हातात येईपर्यंत दार उघडलं नाही.

वर अजून खणलेलं नाही. रस्त्याची आखणी बदलायचं चाललंय, आधी उतारातलं पाणी काढायचं म्हणतात. भिंत उभी आहे. नव्या खोल्यांच्या गच्चीवरून लांब दिसते आणि आमच्यातले काही जण संध्याकाळी तिच्याकडं बघत उभे असतात. परवा शिंपीकाका माझ्या हातात शिवलेलं पोलकं देत म्हणाले, "उभी आहे अजून. सांग तुझ्या नणंदेला."

मी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "हो, उभी आहे." त्या आता नदीच्या पलीकडच्या कड्यावरून तिला मोजतात. जायला दोन बस बदलाव्या लागतात, त्यातली एक ह्यांची. तिथं कड्यावर नवा खांब ओतायच्या आधी त्यांनी ड्रोनवाल्याला भोक पाडायच्या यंत्रासकट बोलावून जमिनीत खोलवर भोक पाडून घेतलं, आत दगड लागला तरी आणखी खाली जायला लावलं. तो म्हणाला, "मॅडम, हा डोंगरच आहे." त्या म्हणाल्या, "असं मला कुणीतरी आधीही सांगितलं होतं."

"कुणी?" त्यानं विचारलं.

"मीच," वन्सं म्हणाल्या, आणि त्याला आणखी खाली जायला सांगितलं.